मागच्या सीटवरच्या आत्या

"काही खाल्लं का?"

आत्यांनी हा प्रश्न विचारला की समजायचं, आता त्या गाडीवर बसणार. आधी मागच्या सीटवर अंगठा दाबून पाहायच्या, भाजीवाल्याकडचं वांगं पाहावं तसा. मग चालवणाऱ्याच्या तोंडाकडे बघून हा प्रश्न. पाठोपाठ दुसरा, "घरून भांडून तर नाही निघाला ना?" दोन्ही उत्तरं मनासारखी मिळाली की "हव, चालते" म्हणून बसायच्या. उपाशी माणसाच्या आणि भांडून निघालेल्या माणसाच्या मागे बसायचं नाही, हा त्यांचा नियम होता. तुम्हालाही माणसं बघत बसायची सवय असेल तर एखाद्या चौकात उभं राहून पाहा. निम्मे गाडीवाले यातच बाद होतात.

आत्या म्हणजे माझ्या घरमालकीणबाई. रायपूरच्या चौबे कॉलोनीत त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी भाड्यानं राहायची. त्या मूळच्या वर्ध्याकडच्या. यजमान रेल्वेत होते, त्यामुळे सगळा संसार रायपुरात झाला. मुलगा पुण्यात. माझ्या त्या सख्ख्या काय, लांबच्याही आत्या नव्हत्या. पण अख्खी कॉलोनी त्यांना आत्या म्हणायची. समोरचे मिश्राजी तर "आत्याजी, नमस्ते" म्हणायचे.

संसार रायपुरात झाला म्हटलं खरं, पण त्यातला बराचसा यजमानांच्या मोटरसायकलच्या मागच्या सीटवर झाला. मांडीवर मुलगा, मुलाच्या मांडीवर पिशवी, पिशवीत दुधाचा डबा. यजमान गेले, गाडी विकली, पण मागं बसायची आवड काही विकता आली नाही. संध्याकाळी त्या पिशवी घेऊन फाटकात उभ्या राहिल्या की कॉलोनीतले गाडीवाले पुरुष उगाच टायर तपासायला लागायचे. कारण बसून झाल्यावर आत्या निकाल सांगायच्या. बँकेतल्या साहेबांबद्दल, "बोलते लय, अन् बोलताना मागं पाहते." मिश्राजींबद्दल, "तो गाडी चालवत नाही. गाडी त्याले नेते." आणि हे सगळं फाटकातच, चांगल्या खणखणीत आवाजात.

मी रायपूरला आले तेव्हा तिथलं राज्य वेगळं होऊन काही वर्षं झाली होती. राजधानी म्हटल्यावर नवी नवी कार्यालयं उघडत होती आणि त्यात आमच्यासारखे बाहेरून आलेले बरेच जण चिकटत होते. मी अमरावतीची. बाबांची जुनी मोटरसायकल मी कॉलेजपासून चालवायची, ती रेल्वेच्या पार्सलनं मागवून घेतली. गवतात आणि गोणपाटात गुंडाळलेली गाडी स्टेशनवर उतरली तेव्हा हमालानं विचारलं, "साहब नहीं आए?" मी म्हटलं, साहब मीच. तो अजून हसत असेल.

ऑफिसात पहिल्याच आठवड्यात बडेबाबूंची स्कूटर बिघडली. मी म्हटलं, चला, मी सोडते. त्यांनी गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि अगदी वडिलकीनं म्हणाले, "मैडम, आप पीछे आ जाइए, मैं चला लेता हूँ।" मी नको म्हटल्यावर ते भर उन्हात पायी गेले. पायी! पण माझ्या मागे बसले नाहीत.

बायका बसायला भ्यायच्या, पुरुष बसायला लाजायचे. माझी मागची सीट नवी कोरी राहिली होती. अशात एका रविवारी मी गाडी पुसत होते तर आत्या जिना चढून वर न येता थेट गाडीपाशी आल्या. अंगठा दाबला. "काही खाल्लं का?"

"उपमा खाल्ला."

"भांडण?"

"कोणाशी भांडू आत्या? एकटी तर राहते."

"हव, चालते. चाल मंग, सिलतऱ्याले."

सिलतऱ्याला! रायपूरच्या माणसाला कुणी रविवारी सकाळी सिलतऱ्याला चल म्हटलं तर तो आधी त्याच्या कपाळाला हात लावून पाहील. तिकडे लोखंडाचे कारखाने. बीरगांव ओलांडलं की हवेतूनच काजळी उतरायला लागते. पण आत्यांची परीक्षाच ती होती. कारखान्यांच्या रांगेपर्यंत जायचं, टपरीवर चहा घ्यायचा आणि टपरीवाल्याच्या आरशात दोघांनी आपापली तोंडं पाहायची. मी पाहिलं. डोळ्यांभोवतीचे दोन गोल सोडले तर सगळं काळंकुट्ट. शेजारी आत्यांचं तोंड तसंच, वर त्यांची मोठी टिकली. मला असं काही हसू फुटलं की चहा नाकातून आला.

"पास," आत्या म्हणाल्या. "जो आरशात पाहून चिडला, त्याच्यासंगं लांब जाचं नाही. लांब गेल्यावर यापेक्षा काळं होते तोंड."

मग आम्ही जे सुटलो ते सुटलो. गंगरेलचं धरण, राजिमचा संगम, सिरपूरची देवळं. ऑफिसात सोमवारी माझ्या नाकावरचं निघालेलं कातडं बघून लोक ओळखायचे, मैडम कहीं गई थीं. आत्यांसारखी सोबत मी पुढं कधी पाहिली नाही. त्यांनी "अजून किती राहिलं?" असं कधी म्हणून विचारलं नाही. वळणावर गाडीबरोबर झुकायच्या, उगाच उलट्या बाजूला ताठ होऊन बसायच्या नाहीत. मला भूक लागली की त्यांनाही लागायची. मी गप्प असले की त्याही गप्प, आणि मी गाणं म्हणायला लागले की त्या माझ्यापेक्षा मोठ्यानं आणि माझ्यापेक्षा बेसूर.

एकदा राजिमच्या अलीकडे मी रस्ता चुकले आणि शेतांमधून जात जात एका खेड्यात जाऊन थांबले. पुढं रस्ताच नाही, तळं. सगळा पारा गोळा झाला, म्हणजे ती सगळी वस्तीच. एक म्हातारी पुढं येऊन मला म्हणाली, "गाड़ी ला तैं चलाथस, नोनी?" पोरी, तूच चालवतेस का? माझ्या आधी आत्याच म्हणाल्या, "हव, इहीच चलाथे!" आणि अशा ऐटीत माझ्या पाठीवर थाप मारली जणू मी विमान उतरवलं होतं. आम्हाला तिथं चिवडा आणि पाणी मिळालं, बसायला खाट मिळाली. परतताना आत्या म्हणाल्या, "वळण चुकलं ते मले तवाच समजलं होतं."

"मग सांगितलं काहून नाही?" त्यांच्या नादानं मीही माझी घरची भाषा बोलायला लागायची.

"तुले मजा येऊन राहिली होती."

हे सगळं असं आनंदात चाललेलं असताना अमरावतीहून बाबांचा फोन आला की नागपूरचं एक स्थळ आहे, मुलगा रायपूरला यायला तयार आहे. आता मी लग्नाच्या विरुद्ध होते अशातला भाग नाही. मला लग्न हवं होतं. गाडीही हवी होती. दोन्ही एकाच घरात मिळेल का, एवढाच माझा प्रश्न होता. आणि तो पोहे देऊन, खाली मान घालून, कुणाला विचारायचा?

आत्यांनी तो सोपा केला. "पोहे खाल्ल्यानं काय समजते? पोहे तर कोणीबी खाते. त्याले मागं बसव."

नागपूरचा मुलगा आला, त्याच्यासाठी अमरावतीहून बाबाही आले. दिसायला छान, बोलायला छान. मी म्हटलं, चला, तुम्हाला सिलतऱ्याचा रस्ता दाखवते. तो बसला, हेही काही कमी नाही. पण बसल्यापासून त्याचं सुरू झालं. "लेफ्ट घ्या. ट्रक आहे. दिसला ना ट्रक? आता गिअर टाका. इतक्यात नको." बीरगांवच्या चौकात तर त्यानं माझ्या खांद्यावरून हात पुढं घालून स्वतःच हॉर्न वाजवला. मी तिथूनच गाडी वळवली. घरी आल्यावर त्यानं खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं आणि काळा झालेला रुमाल माझ्या बाबांना दाखवला, जणू मीच तो काळा केला होता.

मी नाही म्हटलं. बाबा असे संतापले की त्यांना बोलता येईना. रेल्वेत बसताना मात्र बोलले. "पुढचा जो येईल तो तुले पसंत पडला पाहिजे. नाही पडला तर गाडी जशी आली तशी पार्सलनं अमरावतीले. मंग बस ऑटोत फिरत." बाबा बोलले की करतात. गाडी त्यांचीच होती.

त्या संध्याकाळी मी रडकुंडीला येऊन आत्यांच्या स्वयंपाकघरात बसले होते. त्या शेंगा सोलत होत्या. मी म्हटलं, "आत्या, काका कसे चालवायचे हो?"

"चांगले चालवाचे. खड्डा आला की आधी सांगत." त्या सोलत राहिल्या. मग म्हणाल्या, "एक डाव मी म्हटलं, मले चालवू द्या, तुम्ही बसा मागं. हसले. चांगले हसले, माणूस चांगला होता. पण हसले. मंग मी दुसऱ्यांदा म्हटलं नाही."

मला त्यांच्याबद्दल इतकं वाईट वाटलं की माझं रडू बाजूलाच राहिलं. एवढी वर्षं ही बाई मागं बसायचे नियम सांगत होती, पास-नापास करत होती, आणि हिचा जीव सगळा हँडलमध्ये!

पुढच्या रविवारपासून शिकवणी सुरू. जागा काय, तर नवी राजधानी. तेव्हा शहराबाहेर माळावर नुसते रस्ते आखून झाले होते. विमान उतरेल एवढे रुंद, दुतर्फा दिवे, आणि वर माणूस नाही काणूस नाही. मंत्री यायचे होते, सचिव यायचे होते, तोवर रस्त्यावर म्हशी बसायच्या. आत्यांनी शिंप्याकडून पोपटी रंगाचा पंजाबी ड्रेस शिवून घेतला. पहिल्या दिवशी गाडी तीनदा बंद पाडली, चौथ्यांदा उडी मारून सुटल्या आणि ओरडल्या, "अगं बाई, चालली! चालली व!" मी मागं त्यांची कंबर धरून हसू की रडू अशा अवस्थेत.

सरळ त्या छान जायला लागल्या. पहिल्या गिअरमध्ये. दुसरा टाक म्हटलं की म्हणायच्या, "पयला चांगला चालून राहिला ना, त्याले काहून काढाचं?" थांबवायलाही शिकल्या. वळायला मात्र तयार नाहीत. रस्त्याच्या टोकाला मोठं गोल चक्कर होतं; तिथं पोचलं की गाडी थांबवायच्या, उतरून बाजूला उभ्या राहायच्या, मी गाडी फिरवून द्यायची, त्या पुन्हा समोर बसायच्या. "वळाचं पाहू मंग," म्हणायच्या.

मग दुसरा मुलगा आला. रायपूरचाच, रेल्वेवाल्या मराठी घरातला, सिलतऱ्याच्या एका कारखान्यात इंजिनिअर. मराठी सगळी समजायची, उत्तर मात्र हिंदीत. बाबांनी मला स्वयंपाकघरात गाठून विचारलं, "हा आपलाच आहे ना व?" सिलतऱ्याची परीक्षा याच्या बाबतीत फुकट होती, तो रोजच तोंड काळं करून घरी यायचा. आत्या म्हणाल्या, याले राजधानीले नेऊ. मी आणि तो मोटरसायकलवर, मागून ऑटोत आत्या आणि बाबा. बाबा घुश्शात, आत्या पोपटी ड्रेसमध्ये.

तो माझ्या मागं बसला. गप्प बसला. वळणावर बरोबर झुकला. हॉर्नला हात लावला नाही. मी आनंदानं आत्यांपाशी गाडी थांबवली तर त्यांचं तोंड वाकडंच.

मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "बसणं ठीक आहे. पण तू चांगली चालवते म्हणून बसला. चांगल्या चालवणाऱ्याच्या मागं बसाले काय लागते? वाईट चालवणाऱ्याच्या मागं बसला तर समजन." आणि ओढणी कमरेला गच्च बांधून त्या थेट गाडीवर जाऊन बसल्या. समोर.

बाबा म्हणाले, "अहो बाई, तुम्हाला येते का?"

"येते तेवढी येते."

त्या मुलानं माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगणार? खरं सांगितलं असतं तर परीक्षा फुटली असती. त्यानं आपलं हेल्मेट काढून आत्यांच्या डोक्यावर चढवलं, पट्टा लावून दिला आणि मागं बसला. "आंटी, पकड़ूँ कहाँ?"

"सीटले पकड. मले नको पकडू, मले गुदगुल्या होतेत."

गाडी दोनदा बंद पडली. तिसऱ्यांदा अशी उसळली की तो मुलगा जवळजवळ रस्त्यावर राहिला होता, पण चिकटून राहिला. आणि दोघं निघाले, पहिल्या गिअरमध्ये, त्या एवढ्या मोठ्या रिकाम्या रस्त्यावरून, बसलेल्या म्हशींना घाबरवत.

आत्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. पुण्याला मुलाकडे असताना गेल्या, मला भेटताही आलं नाही. नव्या राजधानीत आता माणसं आहेत, सिग्नल आहेत, तिथं कोणी कोणाला पहिल्या गिअरमध्ये जाऊ देणार नाही. पण कोणी आत्यांचं नाव काढलं की मला तीच दुपार दिसते, आणि त्या दुपारीसुद्धा तोच एक क्षण, जेव्हा मी हसता हसता थांबले.

कारण मला ते टोकाचं चक्कर आठवलं. तिथं आत्या सवयीनं थांबणार आणि उतरून बाजूला उभ्या राहणार. गाडी त्याच्या हातात जाणार. मग कुठला पुरुष पुन्हा मागं बसतो? तो गाडी वळवणार आणि म्हणणार, आंटी, अब आप पीछे आ जाइए. अगदी आदरानं म्हणणार. आणि आत्या बसतीलही, काही बोलणार नाहीत. मी काय करायचं मग? बाबांना हो म्हणायचं, की गाडी पार्सलला टाकायची?

लांब टोकाला दोन ठिपके थांबलेले दिसले. उतरले. गाडी फिरली. कोण कुठं बसलं ते इतक्या लांबून दिसेना.

"काय झालं? पडले काय?" बाबा माझ्या दंडाला धरून विचारत होते.

"नाही बाबा. गाडी वळवून राहिले."

"मंग तू काहून अशी पांढरी पडली?"

मी त्यांना गप्प राहा म्हटलं आणि कान दिला. त्याच्यासारखा माणूस समोर असेल तर गिअर बदलेल. पहिला, दुसरा, तिसरा, आवाज खाली येत जाईल. मी श्वास धरून ऐकत होते. आवाज चढला. चढत गेला. अजून चढला. गाडी जीव तोडून किंचाळत होती आणि कुणीही तिचा गिअर बदलत नव्हतं.

"बाबा!" मी ओरडले. "पहिलाच आहे बाबा! पहिलाच गिअर आहे!"

बाबांना ओ की ठो कळलं नाही. पण मी त्यांच्या गळ्यातच पडले म्हटल्यावर तेही हसायला लागले. तोवर तो पोपटी रंग दिसायला लागला होता, समोर, हँडलवर, वाऱ्यानं फुगलेला. मागं तो मुलगा दोन्ही हातांनी सीट धरून बसला होता आणि त्याचे केस उभे राहिले होते.

"आंटी, ब्रेक!" तो ओरडत होता, पण हसत होता. हँडलकडे हात नेत नव्हता.

मी आणि बाबा रस्त्याच्या कडेला पळालो. आत्यांनी आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. हेल्मेटच्या आतून त्या मोठ्यानं काहीतरी गात होत्या, बेसूर. ब्रेक त्यांना येत होता, मी स्वतः शिकवला होता. पण त्या थांबल्या नाहीत. आमच्या समोरून तशाच सरळ पुढं निघून गेल्या.